पोटाची म्हणून दिलेली गोळी

दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून साळूबाईची कंबर धरली. कामाशेजारीच मच्छिंद्रची पत्र्याची टपरी होती. विडी, काडेपेटी, चहापत्ती आणि अंगदुखीच्या गोळ्या तो तिथं विकायचा. साळूबाई सकाळी उपाशीपोटीच एक गोळी घ्यायची, दुपारी दुसरी, आणि पुन्हा हातोडा उचलायची.

काही दिवसांनी पोटात आग पडायला लागली. मच्छिंद्रनं पाण्यात फसफसणारी मोठी गोळी काढून दिली. "पोटाला झ्याक हाय," म्हणाला. ती प्याली की ढेकर यायचा, घटकाभर बरं वाटायचं. मग दोन्ही गोळ्या रोजच सुरू झाल्या.

एका सकाळी साळूबाई खडीच्या ढिगापाशीच ओकली. चहाच्या चोथ्यासारखं काळंकुट्ट. धाकटी जाऊ मालनबाई शेजारीच बसली होती. तिनं खडी न्यायला आलेला ट्रक अडवला आणि जावेला घेऊन थेट पारनेरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी औषधं विचारली. मालनबाईनं जावेच्या पदराची गाठ सोडून दोन्ही पाकिटं पुढं केली. डॉक्टरांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

"ही दुखण्याची. आणि ही?"

"ती पोटाची हाय."

"अहो, हिच्यात सोडा आहे, पण दुखण्याचं तेच औषधही आहे. त्याच औषधानं पोटाला आतून जखम होते. उपाशी माणसाला तर जास्तच. यांनी पोटासाठी म्हणून तेच दुप्पट घेतलं."

साळूबाईला नगरला हलवलं, रक्त चढवलं. ती वाचली.

पण मालनबाईचं डोकं शांत होईना. नगरहून परतली ती सरळ टपरीवर.

"मच्छिंद्र, पोटाच्या गोळीत काय असतंय, सांग."

"मला काय ठावं? पाकिटावर समदं इंग्रजी लिव्हलंय."

"तुला वाचता येत न्हाई, ते आमच्या पोटात कशापायी घालतोस रं?"

"तिनंच मागितली की!"

"तिनं पोटाची मागितली व्हती!" मालनबाईचा आवाज चढला तसे हातोडे थांबले. मुकादम रंगनाथ लगबगीनं आला. "बाई, काम खोळंबलंय."

"तुमीबी ऐका मुकादम. कंबर धरून बाई खाली बसली की कोन म्हनतं, गोळी घे न् ऊठ?"

रंगनाथनं मान फिरवली. मालनबाई बायांकडं वळली.

"डाक्तर म्हनले, या दोन गोळ्या एका येळी घ्यायच्या न्हाईत. उपाशीपोटी तर दुखन्याची घ्यायचीच न्हाई. पोटात आग पडली तर दुखन्याची गोळी बंद करायची, वरनं दुसरी गिळायची न्हाई. काळी ओकारी झाली, न्हाईतर परसाकडंला काळं झालं, तर तडक दवाखाना."

मच्छिंद्रनं फसफसणाऱ्या गोळ्यांचा डबा आत ठेवला. पुढं कुणी मागितलीच तर तो आधी विचारायचा, "दुखन्याची घेतलीय का?" मालनबाई मात्र त्याच्या टपरीवर पुन्हा चढली नाही.

साळूबाई घरी आली तेव्हा भिंत धरून चालत होती. सारं ऐकून म्हणाली, "मालन, त्यानं मुद्दाम न्हाई केलं गं."

"मुद्दाम केलं असतं तर त्याला तिथंच तुडवला असता," मालनबाई म्हणाली. "त्यानं इचारच केला न्हाई. ह्येचाच राग हाय मला."

आणि तिनं जावेपुढं मऊ भाताची ताटली सरकवली.