सात नंबरचा आजारी पडत नाही

मी सात नंबरचा गोऱ्हा बोलतोय. नाव विचारू नका. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर जे लिहिलंय तेच माझं नाव आणि कूळ. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण विज्ञानाचं एक मोठं काम माझ्यामुळे अडलं होतं.

गोऱ्हा दूध देत नाही, हा माझा जन्मतःच गुन्हा. चार महिन्यांचा असताना माझी पाठवणी या संशोधन केंद्रात झाली. इथे स्वच्छ फरशी, वेळेवर चारा आणि रोज ताप मोजायला माणूस. ताप कुठून मोजतात, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

इथल्या मॅडम मोठ्या शास्त्रज्ञ. गुरांच्या फुप्फुसांचा एक साथीचा रोग आहे, त्याने गोठेच्या गोठे खोकून मरतात. त्यावरची लस तपासायची तर आधी तो रोग हुकमी पाडता यायला हवा. म्हणून सहा गोऱ्ह्यांच्या श्वासनळीत जंतू सोडले आणि आम्हा सहा धडधाकटांना त्यांच्या शेजारी बांधलं. त्यांनी खोकायचं, आम्ही घ्यायचं. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा.

त्या सहांनी इमानेइतबारे खोकून दाखवलं. आम्ही मात्र नतद्रष्ट निघालो. पाच आठवडे झाले तरी ना ताप, ना नाकाला पाणी. मी तर वजनही वाढवलं. मॅडम इतक्या आशेने माझ्या छातीला नळी लावायच्या, की मलाच लाज वाटे. एकदा भुसा नाकात जाऊन शिंकलो, तर तिघे जण वह्या घेऊन धावले.

शेवटी ठरलं, सोमवारी सगळ्यांना कापून फुप्फुसं बघायची. आजाऱ्यांना, का पडले म्हणून. आम्हाला, का पडलो नाही म्हणून.

आमची देखभाल करणारे मामा हे ऐकत होते. त्यांचं उभं आयुष्य गुरांत गेलेलं. संध्याकाळी ते माझ्या दावणीपाशीच मॅडमसमोर उभे राहिले.

"चूक माझी आहे, मॅडम. पंखा दोनवर ठेवा असं तुम्ही लिहून लावलंय. मी पाचवर ठेवतो. तुम्ही यायच्या आधी परत दोनवर आणतो."

"का, मामा?"

"कोंडलेल्या हवेत जनावर बांधू नये, असं वडिलांनी शिकवलंय. हात आपोआप जातो."

मॅडमनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे यांना लागण झालीच नाही. मग यांना कापायचं कारण नाही."

मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही आनंद झाला, अगदी खरा.

"रक्त तपासून घ्या," मॅडम निघताना म्हणाल्या. "स्वच्छ निघाले तर पुढच्या फेरीत हेच वापरू."

खेळत्या हवेने आम्हाला वाचवलं, हा शोध कुणाच्या नावावर लागला नाही. मामांना तो आधीपासून ठाऊक होता, आणि अडाण्याला ठाऊक असलेल्या गोष्टीला शोध म्हणत नाहीत.

पंख्याच्या बटणावर आता कुलूपबंद पेटी आहे. काटा दोनवर. मामा रोज सकाळी तिथे जातात, हात वर करतात आणि खाली घेतात. शेजारी नवे सहा जण खोकताहेत. लस निघेल, तुमची गुरं वाचतील, वाचू देत. फक्त लस टोचल्यावरही गोठ्याच्या खिडक्या उघड्या ठेवा, एवढं माझं ऐका.

आज सकाळी माझा ताप मोजून मामा कितीतरी वेळ आकडा लिहीत नव्हते. मॅडमनी वाकून पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या मानेवरून मायेने हात फिरवला.