कडेचा माणूस

दूरदेशी पुस्तकांची मांडणी शिकून परतताना तिला वाटलं होतं, की आपल्या पुस्तकाला अडवायला कोणी साहेब येईल, धमकीची चिठ्ठी येईल, निदान एखादा वकील तरी उभा राहील. प्रत्यक्षात तिला अडवलं ते छपाईच्या दुकानातल्या एका धुळकट प्रिंटरने, जो कागदाच्या चारही कडांना अर्ध्या बोटाएवढी जागा कोरी सोडायचा आणि काही केल्या तिथे शाई टाकायचा नाही.

पुस्तक तिच्या दादासाठी होतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकासमोर संपकऱ्यांवर भाड्याचे गुंड सोडले गेले, तेव्हा दादाचं डोकं फुटलं होतं. तो वाचला, पण मारणारा कोण हे ना त्याला आठवत होतं, ना दुसरं कोणी तोंड उघडत होतं. शहर सोडून जाणाऱ्या एका फोटोग्राफरने तिला त्या दिवसाच्या फोटोची एकच फाईल देऊन ठेवली होती. तीत दादा गुडघ्यांवर बसलेला होता, आणि उजव्या कडेला, अगदी टोकाशी, काठी उगारलेला माणूस. संगणकाच्या पडद्यावर त्याचा चेहरा म्हणजे नुसते करडे चौकोन दिसत. कागदावर मात्र तो स्वच्छ उतरेल, असं दुकानाच्या मास्तरांनीच सांगितलं होतं. हे पान वस्तीत घरोघर गेलं, की कोणीतरी त्याला नावानिशी ओळखणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"ताई, कडेला थोडी जागा सोडा की," मास्तर म्हणाले.

"कड कोरी सोडायची म्हणजे कुणाचं तरी तोंड दाबायचं, मास्तर."

"मग मशीनने कागद धरायचा कुठे? तुमच्या कॉलेजात काय कागद हवेत तरंगायचे?"

पहिल्या छपाईत तो माणूस मनगटाशी तुटला. कोऱ्या पट्टीतून बाहेर आलेली नुसती एक मूठ आणि तिच्यात काठी. तिला हसूच आलं. तिने सगळं पान लहान करून पंचाण्णव टक्क्यांवर आणलं आणि पुन्हा छापलं.

चित्र चारही बाजूंनी आत सरकलं होतं, भोवतालची पांढरी कड चांगली रुंद झाली होती, म्हणजे तो आता अख्खा यायला हवा होता. तरीही तो कोपराशी तुटला होता. आणि काठी दादाच्या कपाळाला टेकली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे काठी होती तशीच वर, हवेत.

"तापलं की हे काहीबाही छापतं," मास्तर म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, ह्यांची जुनी जखम उघडलीय. नुसते खुर्चीत बसले होते हो, कोणी हातसुद्धा लावला नाही! रक्त थांबतच नाहीये."

"डॉक्टरांना बोलाव. मी निघालेच," ती म्हणाली, आणि निघण्याआधी तिने पान नव्वद टक्क्यांवर आणलं.

या वेळी खांदा आला, कान आला, जबड्याची उतरती रेषही आली. काठी दादाच्या डोक्यात रुतली होती, त्याचं तोंड वासलं होतं, आणि काळ्या शाईचे शिंतोडे पांढऱ्या पट्टीवरून थेट कागदाच्या कडेपर्यंत उडाले होते, जिथे त्या मशीनने आजवर कधी ठिपकाही टाकला नव्हता. मास्तरांनी कागद दोन बोटांनी उचलला, पालथा ठेवला आणि त्यानंतर ती दोन्ही बोटं बराच वेळ पँटला पुसत राहिले.

"आता पुरे, ताई."

घरी पोचली तेव्हा दादाला अकरा टाके पडले होते. डॉक्टर जाता जाता वहिनीला दोनदा विचारून गेले होते, की खरं सांगा, यांना कोणी मारलं? वहिनी लादी पुसत होती. बादलीतलं पाणी लालभडक झालं होतं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर, तिच्या डोक्याच्याही वर, शिंतोडे पोचले होते.

दादाने बहिणीचा हात घट्ट धरला. "चिमे, तो परत आला होता."

"चेहरा पाहिलास?" हे विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला दुखतंय का हे विचारलंच नाही.

"चेहरा नव्हताच गं," दादा म्हणाला. "खांद्यापर्यंतच होता तो. मग थोडा कान."

सकाळी दुकान उघडताच तिने मास्तरांकडे सगळ्यात मोठा कागद मागितला, ज्याच्या मधोमध अख्खं पान बसेल आणि कुठलीच कड त्याच्या आड येणार नाही. मास्तरांनी कागद लावला, मात्र बटण तुम्हीच दाबा म्हणाले आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तिने आधी घरी फोन लावला.

"वहिनी," ती अगदी मायेने म्हणाली, "दादाच्या उशीवर एखादा जुना टॉवेल अंथरून ठेव."