बसण्याचा मैलाचा दगड

मी एक मैलाचा दगड आहे. सत्कारसमारंभात ज्याचे नाव घेऊन टाळ्या मिळवतात, तो नव्हे; खराखुरा, करड्या ग्रॅनाइटचा, मिलान शहरापासून आठव्या मैलावर रोवलेला.

रोमन पाथरवटाने माझ्या छातीवर आठाचा आकडा कोरला, तेव्हा आसपास बेडकांखेरीज वस्ती नव्हती. पुढे कुणीतरी माझ्या शेजारी खाणावळ थाटली. "आठव्याला थांबू, खेचरं दमलीत," असे गाडीवान म्हणू लागले. खाणावळीभोवती घरे उठली, घरांना चर्च मिळाले आणि त्यांच्या भाषेतल्या 'आठवा' ह्या शब्दाला लाडाचे शेपूट लागून गावाचे नाव ओत्ताव्हेल्लो पडले. थोडक्यात, गावाचे बारसे माझ्या मांडीवर झाले आणि पेढा मात्र मला कुणी दिला नाही.

मग रस्ता दुसरीकडून गेला. मी कोसळलो, मधोमध तुटलो. धोबिणींनी माझ्यावर चादरी आपटल्या. अखेरीस बोच्चे हा गोळे फेकण्याचा खेळ खेळण्याच्या अंगणाच्या कडेला कुणा घाईच्या गृहस्थाने मला उलटा पुरला. आकडा मातीत गेला आणि मी बाक झालो.

बाक होण्यासारखे सुख नाही! शिवणकामातून निवृत्त झालेल्या एर्सिलियाबाई रोज दुपारी माझ्यावर बसत आणि गोळे फेकणाऱ्या गौदेन्झिओशी भांडत. तो पूर्वी ट्राम चालवी. आता केवळ वाद चालवी. विषय एकच: गावाचे नाव.

"संत ओत्ताव्हिओवरून पडलंय. माझे आजोबा सांगायचे," गौदेन्झिओ म्हणे.

"तुझे आजोबा शुद्धीत कधी असायचे? गिरणीवाल्याच्या आठव्या पोरावरून पडलंय."

"आणि आधीची सात काय दळून खाल्ली?"

"गोळा फेक गप! तेवढं तरी जमतंय का बघू."

उत्तर बाईंच्या बैठकीखाली होते. पण माझे तोंड मातीत.

गेल्या वसंतात नगरपालिकेने नळासाठी तिथे खणायला घेतले. गावातले सगळे पेन्शनर हात पाठीमागे बांधून कुंपणाशी हजर झाले. त्यांनी नावे ठेवल्याशिवाय आमच्याकडे एकही खड्डा पुरा होत नाही. यंत्राने मला उपसले, माती गळून पडली आणि आठाच्या आकड्याला कित्येक वर्षांनी ऊन लागले.

गौदेन्झिओने टोपी काढली. "एर्सिलिया, आपण दोघंही हरलो."

"तू जास्त."

लगेच शहरातल्या वस्तुसंग्रहालयाची गाडी आली. नगराध्यक्षांची छाती फुगली. "काचेच्या दालनात ठेवणार आहेत!" काचेत ठेवलेल्या दगडावर कोण बसणार? कोण भांडणार?

मला पट्ट्यांनी आवळले, तोच एर्सिलियाबाई आल्या आणि माझ्यावर ठाण मांडून बसल्या.

"ह्यावर काय लिहिलंय, मुली?"

"आठ मैल, आजी," संग्रहालयातली तरुणी म्हणाली.

"कुठून आठ?"

"मिलानहून."

"मग मिलानमध्येच नेऊन ठेवलास, तर तो खोटं नाही का बोलणार? दोन हजार वर्षं खरं बोललाय बिचारा. म्हातारपणी त्याला खोटारडा करू नका."

"पण बाई, गावाचा सन्मान..." नगराध्यक्ष चाचरले.

"सन्मान करायचाय ना? इथं येऊन करा म्हणावं. बस येते."

ती तरुणी मनापासून हसली आणि तिने स्वतःच पट्ट्या सोडल्या.

आता मी जुन्याच जागी, पण सुलट उभा आहे; गुडघाभर उंच, आकडा बाहेर. शेजारी नगरपालिकेने पाटी लावली आहे: 'ऐतिहासिक ठेवा. बसू नये.' ती वाचून मी खचलो होतो. एर्सिलियाबाईंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, अंगातला स्वेटर काढून तिच्यावर टांगला आणि त्या माझ्यावर बसल्या.

"ह्याला उलटा कुणी पुरला असेल रे, गौदेन्झिओ?"

"मला काय ठाऊक?"

"तुझेच आजोबा असणार."

मला ठाऊक आहे. पण चालू भांडणात मी पडत नाही. तुम्ही कधी इकडे आलात, तर माझा आकडा अवश्य वाचा. मात्र वाचून झाल्यावर बसा. वाचणारी माणसे पुढे निघून जातात. बसलेली बोलू लागतात.