दुसरीचा राखी कोट

कपडे बेतण्यात तिचा हात धरणारं शिंप्याच्या दुकानात कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. चाळिशीला टेकलेली, भावाच्या घरी राहणारी, मोठ्यानं हसणारी बाई. लग्नाचा विषय तिनं कधीच गुंडाळून ठेवला होता.

मग घड्याळजी आला. चौकात घड्याळं दुरुस्त करणारा, बायको जाऊन दोन वर्षं झालेला, मृदू बोलणारा माणूस. बायकोचा राखी रंगाचा कोट त्यानं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा तुमच्या मापाचा करा. तुम्हालाच शोभेल."

मास्तरीण कानापर्यंत लाल झाली. इतक्या वर्षांत कुणी तिला काय शोभेल याचा विचारही केला नव्हता. तिनं कोट बाह्यांत सैल केला, कमरेत उसवून वाढवला आणि घातला.

तीन महिने दोघं भेटत राहिली. त्यानं सुचवावं आणि तिनं ऐकावं. केस वर बांधले, चालणं हळू केलं, हसताना तोंडावर हात ठेवायला लागली. वहिनीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"वन्सं, लग्नानंतर आडनाव बदलतं हे ठाऊक होतं," ती म्हणाली. "इथं तर लग्नाआधीच बाई बदलली!"

मास्तरीण रागावली. पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

एका रविवारी दुपारी तो तिला एक जुना रहस्यपट बघायला घेऊन गेला. त्यातल्या नायकाची प्रेयसी मरते. तो एका परिचारिकेला तिचे दागिने घालतो, तिच्यासारखं बोलायला लावतो आणि शेवटी ही दुसरीही तळ्यात बुडून मरते. घड्याळजी रुमालात तोंड खुपसून रडला.

बाहेर पडल्यावर म्हणाला, "केवढं प्रेम होतं त्याचं!"

"कुणावर?"

"म्हणजे काय? तिच्यावर."

"ती तर अर्ध्यातच गेली. बुडाली ती दुसरीच होती. तिचं नाव तरी लक्षात आहे तुमच्या?"

त्याला नाव आठवेना. खरं सांगायचं तर तिलाही आठवेना.

तिथून तो तिला पहिल्यांदाच स्वतःच्या घरी घेऊन गेला. खिडकीशी खुर्ची मांडलेली होती, खुर्चीपुढे बायकोच्या चपला. "बस ना इथं," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं. "मान जरा डावीकडे. हां, अशी."

ती बसली. चपलेत तिची टाच मावेना. तो मात्र डोळ्यांत पाणी आणून बघत होता, तिच्या आरपार.

"हा कोट त्यांना फार आवडायचा का हो?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "नाही. मी आणला होता. ती म्हणायची, यात मी आजारी दिसते."

"आणि केस?"

"ते मोकळे सोडायची. मलाच बांधलेले आवडायचे." त्यानं डोळे पुसले. "शेवटी शेवटी फार ओरडायची माझ्यावर. ते मी कुणालाच सांगितलं नाही."

"मग ओरडणाऱ्या बाईसाठी रडा की. तीच तुमची बायको होती. ही खुर्चीतली कुणीच नाही."

तिनं उठून कोट काढला, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिला.

"तू गेलीस तर ती पुन्हा मरेल," तो कळवळून म्हणाला.

"ती एकदाच मेली. आणि मी अजून जिवंत आहे."

हे बोलताच तिला असं काही हसू फुटलं, की जिन्यात शेजारीण दार उघडून बघायला लागली. बाहेर गार वारा सुटला होता आणि अंगात साडीवर नुसता झंपर, पण तिला थंडी वाजली नाही. केसांतले आकडे एकेक करून काढत, पाय मोकळे टाकत ती भर रस्त्यातून चालली, एखाद्या शर्यतीत पहिली आल्यासारखी. भाजीवाल्यानं विचारलंही, "काय मास्तरीणबाई, आज फार खुशीत?"

"तर काय!" ती ओरडून म्हणाली.

दारात वहिनी उभीच होती. "अगंबाई! कोट कुठाय?"

"परत केला."

"आणि तो?"

"तोही!"

वहिनीनं तिला गच्च मिठी मारली. दोघी इतक्या हसल्या, की भाऊ तोंडाला साबण तसाच ठेवून काय झालं म्हणून बाहेर धावत आला.