बकलाची कड

मी कमरेचा पट्टा बोलतोय. दागिना नव्हे, वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना पलंगावरून खुर्चीत बसवताना बांधतात तो जाड सुती पट्टा. मला दोन्ही बाजूंना धरायला मुठी आहेत. माणसाला दंड धरून ओढायचं नसतं, मला धरून सावरायचं असतं. त्यासाठीच मला शिवलं.

मी पहिल्यांदा बांधला गेलो तो टायपिस्ट आजींना. उभा जन्म कचेरीत टंकलेखन केलेल्या. बोटं अजूनही चादरीवर टकटक चालायची. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी मला घट्ट धरून "एक, दोन, तीन" म्हणायच्या आणि आजी उभ्या राहायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

एकदा मी फरशीवर आपटलो आणि माझ्या बकलाचा टवका उडाला. कड बारीकशीच, पण आजींच्या बरगडीला टोचायची. मला कळत होतं. दोन दिवस त्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज राहू दे गं तो. ओरखडा उठलाय."

ओरखडा पाहून मावशींना वाईट वाटलं. बकल बदलायला सांगते म्हणाल्या आणि मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

आजी उठल्या आणि त्यांचा उजवा गुडघा लटपटला. मावशींच्या हाती नुसती गाऊनची बाही आली. मी हातभर अंतरावर लोंबकळत होतो. आजींचं खुब्याचं हाड मोडलं.

संध्याकाळी त्यांची लेक आली. आई पडली कशी, तिने विचारलं. फरशी ओली होती असं सांगून मावशींना सुटता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पट्टा बांधला नव्हता. चूक माझी आहे." लेक आईचा चष्मा पुसत बसली.

ऑपरेशन झालं. आजी परत आल्या, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना आता यंत्राने उचलतात.

मला नवं, गुळगुळीत बकल लावलं. परवा एक नवे आजोबा मला पाहून वैतागले. जनावरासारखं बांधता का, म्हणाले. मावशी त्यांच्याजवळ बसल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. आजोबांनी मला बांधून घ्यायला हात वर केले.

मी टोचत असलो तर सांगा. मला दुरुस्त करा, नाहीतर दुसरा आणा. पण तोवर माणसाला तसंच उठवू नका.

समोरच्या खोलीतून आजी मला रोज बघतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.