डिम्फनाबाईंच्या घरातला भित्रा बॉयलर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. माझं वय झालंय, अंगाचा हिरवा रंग उडालाय, तळाचा पत्रा गंजलाय, पण भीती मात्र अजून पहिल्या दिवसाइतकीच ताजी आहे. मला कुणी पेटवलं की पोटात आधी गोळा येतो आणि मग जाळ येतो.

मी रॉकेलवर चालणारा बॉयलर. बंबाचा थोरला भाऊ समजा. बंब अंघोळीपुरतं पाणी तापवतो, मी अख्खं घर तापवतो. अंगणातल्या टाकीतून बारीक नळीने रॉकेल माझ्याकडे येतं, इवल्याशा तोटीतून त्याचा फवारा उडतो, त्यावर ठिणगी पडते आणि जाळ धरतो. माझं तापलेलं पाणी नळांतून प्रत्येक खोलीत फिरून येतं. धूर धुराड्यातून वर निघून जातो. पण जाळाला हवा लागते हो! म्हणून माझ्या शेजारच्या भिंतीत, जमिनीलगत, जाळी लावलेलं एक भोक ठेवलेलं आहे. मी त्यातूनच श्वास घेतो.

कारखान्यात माझ्या जाळासमोर एक छोटा डोळा बसवला. त्याला एकच काम, जाळ दिसतोय का ते बघायचं. जाळ दिसला नाही की मी रॉकेल बंद करायचं, गप्प बसायचं आणि लाल बटणातला दिवा लावायचा. ज्यांनी मला बनवलं त्यांनी मला मुद्दामच घाबरट बनवलं. शंका आली की विझ, असं जणू कानात सांगूनच त्यांनी मला गाडीत चढवलं.

आलो तो समुद्राकाठच्या थंड मुलखात, डोनेगलच्या डोंगरात, डिम्फनाबाईंच्या घरी. घरात दोघंच, त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ फिंटनकाका. दोघांनीही लग्न केलं नाही. काकांच्या मेंढ्या आणि बाईंचं घर, यात दोघं म्हातारी झाली. दिवसभर भांडायची, आणि एक जण मेंढवाड्यात गेलं की दुसरं खिडकीशी उभं. मला मागच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून जागा मिळाली. माझ्यावरच्या दोरीवर मोजे वाळायचे. बाहेर समुद्रावरचा वारा कौलं उचकटायला बघायचा आणि आत डिम्फनाबाई मला थोपटून म्हणायच्या, "शहाणा गं बाई माझा बॉयलर!" त्या दिवसांत मला भीती वाटायची ती फक्त सवयीने.

दर शरद ऋतूत गावातला जुना मेकॅनिक यायचा. मला उघडायचा, काजळी खरवडायचा, तोटी बदलायचा, डोळा पुसायचा, गाळणी झटकायचा. मग सोड्याच्या पावावर लोण्याचा जाड थर लावून खायचा आणि जायचा. एके वर्षी तो वारला. दुसरा कुणी बोलवायला हवा होता, पण काका म्हणाले, "चालतोय ना? मग चालत्याला कशाला छेडायचं?" असे किती हिवाळे गेले. तोटी झिजली, गाळणीत टाकीचा गाळ साचला, मला दम लागायला लागला. कुणाला कळलं नाही.

आणि मग फिंटनकाका वाऱ्याच्या मागे लागले.

त्या हिवाळ्यात डिम्फनाबाईंना खोकला झाला. काकांच्या मते दोष फटींतून येणाऱ्या वाऱ्याचा. ओला तळहात पुढे धरून ते घरभर फिरत, गार लागलं की "सापडला!" म्हणून ओरडत. खिडक्यांना रबर लावलं. जुन्या चुलाण्याच्या तोंडावर फळी ठोकली. शेवटी ते माझ्या खोलीत आले आणि वाकून जाळीपुढे हात धरला.

"ताई, इकडे ये! चोर तर इथे बसलाय!"

"अरे, ते बॉयलरचं काहीतरी असेल. राहू दे."

"बॉयलरला काय करायचाय वारा? त्याला काय सर्दी होते का? तू खोकून खोकून अर्धी झालीस आणि हे भगदाड उघडं!"

त्यांनी मेंढ्यांच्या खाद्याचं रिकामं पोतं घडी करून त्या भोकात गच्च कोंबलं. वर पायाने दाबलं. बहिणीवरची माया होती हो ती, दुसरं काही नव्हतं. पण माझं नाक बंद झालं.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जाळ बदलला. आधी तो नीट, घट्ट जळायचा. आता पिवळा, लांबडा, आळशी झाला आणि काजळी धरायला लागला. धुराड्याची ओढ कमी झाली. जे वर जायचं ते माझ्या सांध्यांतून खोलीत झिरपायला लागलं. धुरातल्या त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. नाकाला कळत नाही, डोळ्यांना झोंबत नाही. नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस हळूहळू झोपेतच जातो. ते विष मी बनवत होतो. ज्या बाईने मला थोपटलं, तिच्याच घरात मी ते सोडत होतो आणि मला ते थांबवता येत नव्हतं. 

डिम्फनाबाईंचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्यापासून कपाळाला फडकं. पण रविवारी चर्चमध्ये जाऊन बसल्या की डोकं एकदम हलकं. घरी येऊन चहा टाकला की पुन्हा ठणका. बाईंना वाटलं, ही प्रभूची कृपा. मग त्या रोज सकाळच्या प्रार्थनेला जायला लागल्या.

"तुझं डोकं पण पक्कं कॅथलिक दिसतंय ताई," काका चिडवायचे. "फादर दिसले की गप्प, मी दिसलो की सुरू!"

"तुझं तोंड बघून कुणाचं दुखणार नाही? तूही चल की एकदा."

"मेंढ्यांना कोण बघणार? तुझे फादर?"

दोघं हसायची आणि इकडे माझा जीव जायचा. अहो, प्रार्थना नाही, ती मोकळी हवा आहे! पण बॉयलरला कुठलं तोंड?

मला फक्त विझता येत होतं. काजळी डोळ्यावर चढली, जाळ दिसेनासा झाला आणि मी विझलो. लाल दिवा लागला. मला केवढं हायसं वाटलं! पण काका आले. "झालं याचं नाटक सुरू!" म्हणाले आणि लाल बटण दाबलं. मी पेटलो, पुन्हा विझलो. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा विझलो. पुन्हा दाबलं. ते बटण दाबलं की प्रत्येक वेळी रॉकेलची एक पिचकारी माझ्या पोटात उडते. जाळ धरला नाही तर ते रॉकेल तिथेच साचतं. माझ्या पोटात थारोळं झालं होतं आणि काका दाबतच होते. नका हो काका, नका! पुढच्या ठिणगीला सगळं एकदम पेटलं. धडाम् आवाज झाला, माझं दार खडखडलं, स्वयंपाकघरात कपबश्या नाचल्या, दोरीवरचे मोजे काळे झाले.

"बघितलंस? असा दम दिला की सरळ येतो," काका म्हणाले. पण त्यांचाही आवाज फाटला होता.

"फिंटन, कुणाला तरी दाखव रे तो."

"बघू. मेंढ्या व्यायचे दिवस आहेत, आता कुठे कुणाला शोधू?"

मग गावातल्या दारूच्या दुकानात त्यांना कुणी शहाणा भेटला. त्याने युक्ती सांगितली, डोळा काढायचा आणि रुमालाने पुसायचा. काकांनी तसंच केलं. डोळा लख्ख झाला. आता त्याला तो पिवळा, घाणेरडा जाळ स्वच्छ दिसायला लागला, आणि जाळ दिसतोय तोवर मला विझता येत नाही. मित्रांनो, माझं होतं नव्हतं ते शस्त्र गेलं. मी जळत राहिलो.

एका सकाळी डिम्फनाबाई उठल्याच नाहीत. त्यांना उलट्या झाल्या होत्या. "आज प्रार्थनेला नाही जमायचं," एवढंच पुटपुटल्या. काकांनी ओळखलं, फ्लू. दुसरं काय ओळखणार? त्यांनी बहिणीवर दोन रजया घातल्या, खोलीचं दार लावून घेतलं आणि माझ्याकडे येऊन आच वाढवायची चक्री पार शेवटापर्यंत फिरवली.

"ताई, आज तुला थंडी शिवणारसुद्धा नाही!" त्यांनी हाक मारून सांगितलं.

अरे देवा! मी पूर्ण ताकदीने जळत होतो. जेवढा जळत होतो तेवढं विष. भिंतीपलीकडे बाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. मग ते बारीक झालं. मग दोन कण्हण्यांमधलं अंतर वाढायला लागलं. मी कानच झालो होतो. पुढचं कण्हणं येईल ना? आलं. आता पुढचं? विझ रे, विझ, असं मी स्वतःला विनवत होतो, तोटी चोंदू दे, नळी फुटू दे, टाकीतलं रॉकेल संपू दे. पण टाकी भरलेली होती. काकांनी आठवड्यापूर्वीच भरून घेतली होती.

काका स्वयंपाकघरात बसले होते. त्यांचंही डोकं दुखत होतं. कपाळ दाबत, चहा न पिता, टेबलाला टेकून. त्यांचीही मान खाली जायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं. आज हे दोघंही जाणार आणि मी त्यांच्या मागे जळतच राहणार.

तेवढ्यात बाहेर मेंढी ओरडली. तारेच्या कुंपणात अडकली होती. काका शिव्या घालत, भिंत धरत उठले आणि मागच्या दाराने गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हाताला खरचटलेलं, टोपी वाऱ्याने उडालेली, पण चाल नीट. दार उघडून ते उंबऱ्यातच थांबले. कपाळाला हात लावला.

"थांबलं की," ते स्वतःशीच म्हणाले. "डोकं थांबलं."

 मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मी कुठे चर्चला गेलो होतो? मी तर मेंढीकडे गेलो होतो."

आणि ते धावले! जाता जाता माझ्या स्विचवर असा फटका मारला की भिंतीचा गिलावा पडला. मी विझलो. पलीकडून त्यांचा आवाज आला, "ताई! ताई, ऊठ! ए ताई!" उत्तर आलं नाही. काकांनी बहिणीला रजईसकट उचललं, माझ्या समोरून नेलं. बाईंचा एक हात खाली लोंबत होता. मागचं दार सताड उघडं राहिलं आणि सगळा डोंगराचा वारा घरात घुसला. बाहेर काका नुसते "श्वास घे, श्वास घे" म्हणत होते. नंतर रुग्णवाहिकेचा भोंगा आला आणि गेला.

घर गार पडलं. माझ्यातलं पाणीही गार झालं. मला माहीत नव्हतं बाई जिवंत आहेत की नाहीत, आणि विचारणार कुणाला? सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची, शेजारी येऊन मेंढ्यांना खाद्य घालून जायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. त्या शांततेइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

मग एका दुपारी दाराशी गाडी थांबली. काठीचा आवाज आला. आणि खोकला! मित्रांनो, तो खोकला मी हजारांत ओळखला असता. डिम्फनाबाई होत्या. वाळल्या होत्या, चेहरा एवढासा झाला होता, पण होत्या. बरोबर काका होते आणि बर्नाडेट नावाची, खणखणीत आवाजाची मेकॅनिक बाई.

बर्नाडेटने मला उघडलं आणि किंचाळलीच. "अहो काका, हा बॉयलर आहे की काजळाची डबी?" तिने ब्रश घातला, काजळीचे ढीग काढले. तोटी बदलली, गाळणी बदलली, टाकीपासूनची नळी बदलली. साचलेलं रॉकेल पुसून काढलं. बटण दाबल्याचं ऐकलं तेव्हा तिने काकांकडे असं पाहिलं की काका टोपी चाचपायला लागले. "तो घाबरून विझत होता म्हणून तुम्ही आज उभे आहात," ती म्हणाली. "एकदा दाबायचं. नाही धरला तर मला फोन. दुसऱ्यांदा हात लावायचा नाही."

मग ती वाकली आणि भोकातून पोतं ओढून काढलं. "आणि हे? हे कुणी कोंबलं?"

 काका कबुली द्यायला एक पाऊल पुढे आले.

"मी," डिम्फनाबाई म्हणाल्या.

"ताई…"

"तू गप रे. मला वारा सोसत नव्हता, मी कोंबलं. म्हातारपणी अक्कल जाते माणसाची. आणि नुसता उभा काय राहिलास, जा, बर्नाडेटसाठी चहा टाक!"

काका गेले. चहा टाकायला नाही, सरळ अंगणात. पाठमोरे उभे राहून ते लहान मुलासारखे रडले. बर्नाडेटला कळलं असेल, पण ती आपल्या कामाला लागली. तिने धुराड्यात यंत्राची नळी घालून माझा धूर तपासला आणि बाईंच्या खोलीबाहेर विषारी हवा आली की बोंब मारणारी एक पांढरी डबी लावली.

शेवटी पेटवायची वेळ आली. "काका, या, तुम्हीच लावा," ती म्हणाली. काका आले. त्यांचा हात स्विचपर्यंत आला आणि अडला. पुढे जाईना. मलाही आत भीती वाटत होती. त्या घरात आता आम्ही दोघं भित्रे होतो.

"लाव फिंटन," बाई हळूच म्हणाल्या. "मी आहे इथेच."

मी पेटलो. जाळ नीट, घट्ट धरला. काका मात्र अजूनही दर थोड्या वेळाने येऊन जाळीपुढे हात धरतात, आणि हात गार पडला की सुस्कारा टाकतात.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. वर्षातून एकदा आम्हा बॉयलरांना उघडून साफ करा, आमची हवा कोंडू नका. आम्ही विझलो तर चिडू नका, आधी विचारा की हा कशाला घाबरला. आणि घरात कुणाचं डोकं दुखत असेल आणि दाराबाहेर गेल्यावर थांबत असेल, तर रजया शोधत बसू नका. त्याला उचला आणि बाहेर न्या. तो थंडीने कुडकुडेल, तुम्हाला वाट्टेल त्या शिव्या देईल. देऊ दे. शिव्या देतोय म्हणजे तो जिवंत आहे.