सरस्वतीच्या पायाशी फॉर्म

स्मिताने आपली शिष्यवृत्ती स्वतःच्या हातांनी देवीच्या पायाशी नेऊन ठेवली, यात सरस्वतीचा काडीचाही दोष नव्हता. ठाण्याला दसऱ्याच्या पाटीपूजनात दोन फुलं वाहिली की आईची पाठ वळायच्या आत पुस्तक परत दप्तरात. इथं इस्रायलला, हैफात, शेजारच्या कौशिक आणि ईराकडे वसंत पंचमीची पूजा होती. बंगाली झाली म्हणून काय, देवी तीच, असं म्हणून तिने मुदतवाढीचा भरलेला फॉर्म थाटात पूजेत ठेवला. आज शेवटचा दिवस होता. विद्यापीठाचं ऑफिस एकला बंद होणार, आणि फॉर्म पोचला नाही तर अर्धवट प्रयोग टाकून थेट मायदेशी.

साडेबाराला तिने हात पुढे केला, तर ईराने तो धरला.

"उद्या सकाळी दहीपोह्यांचा नैवेद्य झाल्यावर. तोवर वही, पेन, कागद, कशालाच शिवायचं नाही."

"अगं, उद्या माझं काय राहणार आहे इथं?"

"आणि ती रागावली तर कुठंच काही राहणार नाही."

ती म्हणजे कौशिकने कोलकात्याहून स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेली वीतभर मूर्ती. वीणा वाटेत मोडलेली, डिंकाने चिकटवलेली. स्वतःची वीणा धड नाही आणि दुसऱ्याच्या शिक्षणावर बसलीय, स्मिता मनात करवादली.

ईरा खिचडी ढवळायला वळली आणि स्मिताने डाव साधला. फॉर्म ओढला, आणि दौत कलंडली. बंगाल्यांच्या पूजेतल्या दौतीत शाई नसते, दूध असतं. सगळी अक्षरं विरघळली. हंस शेजारीच होता, पण दूध वेगळं करायची त्याची एवढी ख्याती काही कामाला आली नाही.

कोरा फॉर्म फक्त ऑफिसात, आणि ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिने रडकुंडीला येऊन फोन लावला. पलीकडे ऑफिसातल्या त्सिपोराबाई होत्या. लहानपणी ठाण्याहून इथं आलेल्या ज्यू, मराठी गोड बोलायच्या, पण सवलत कुणाला मिनिटाची देत नसत. स्मिताने पूजा, बंदी, दूध, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मग आधी नाय का सांगायचं?" त्सिपोराबाई खेकसल्या. "शनिवारी, शब्बाथला, मी पेनाला हात लावते का? आज तुला बंदी आहे, मला थोडीच आहे? तू नुसतं बोल, मी लिहिते. सही उद्या येऊन कर."

मघापासून देवीला शिव्यांची लाखोली वाहिली त्याची स्मिताला आता मनापासून लाज वाटली. तिने नाव सांगितलं, विभाग सांगितला, तारखा सांगितल्या.

"सहीला उशीर का, ते लिहायला लागेल. काय लिहू?"

"सण."

"कुणाचा?"

ईरा झारा हातात घेऊन दारात उभी होती, दुधात भिजलेल्या फॉर्मकडे बघत. स्मिताने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आमचा," ती म्हणाली.